राज्य बदलले तरी ओळ न बदलणाऱ्या मूर्खांची स्तुती

समर्थ रामदासांनी दासबोधाच्या दुसऱ्या दशकात आरंभी मूर्खाची लक्षणे सांगितली आणि त्याच दशकाच्या अखेरीस पढतमूर्खाची. या दोघांखेरीज एक तिसरा मूर्ख आहे. राज्य बदलले तरी हा नियमाचे पुस्तक बदलत नाही. जुना झेंडा उतरतो, नवा चढतो, मिरवणुका निघतात, रस्त्यांना नवी नावे मिळतात. हा मात्र आपल्या टेबलाशी बसून, काल जी ओळ दाखवून त्याने विमान अडवले असते तीच ओळ दाखवून आजही अडवतो. शहाणी माणसे त्याला गुलाम म्हणतात, कागदाचा किडा म्हणतात, काळाबरोबर न चालणारा म्हणतात. मूर्ख तर सगळेच म्हणतात. तो शब्द मी तसाच ठेवतो आणि या मूर्खाची स्तुती करतो. ही स्तुती मनापासून आहे, कारण विमानात बसणाऱ्या प्रत्येक माणसाचा जीव याच मूर्खाच्या हाती असतो.

शिरूरला विमानतळ नाही, दौंडलाही नाही. मग इथल्या माणसाने या भानगडीत कशाला पडावे? पडावे, कारण रांजणगाव, सणसवाडी, शिक्रापूरच्या कारखान्यांतली कितीतरी माणसे पुण्याच्या लोहगाव विमानतळावरून ये-जा करतात. दौंडच्या शेजारच्या पुरंदर तालुक्यात पारगाव मेमाणे, खानवडी, मुंजवडी, एखतपूर, उदाचीवाडी, कुंभारवळण आणि वनपुरी या सात गावांच्या जमिनीवर नवा विमानतळ आखला आहे. आणि आजच्या शिरूर लोकसभा मतदारसंघातच, जुन्नरच्या डोंगरात, ७ जुलै १९६२ रोजी अलिटालियाचे डीसी-८ विमान आदळले होते. बँकॉकहून मुंबईला येणारे ते विमान, मुंबई आता जवळ आली अशा समजुतीने अंधारात वेळेआधीच खाली उतरले. खाली सह्याद्री होता. ९४ माणसे गेली.

विमान इटलीचे होते, पण चौकशी भारताने केली. ज्या भूमीवर अपघात घडतो त्या देशाने चौकशी करायची, असे १९४४ च्या शिकागो करारात ठरले आहे. भारताने त्या कराराला मान्यता दिली ती १ मार्च १९४७ रोजी, स्वातंत्र्याच्या साडेपाच महिने आधी. सही झाली तेव्हा राज्य ब्रिटिशांचे होते. शब्द पाळला तो स्वतंत्र भारताने. परक्याच्या अमदानीत दिलेला शब्द आपण का पाळावा, असा प्रश्न त्या वेळी कुणी विचारला असता तर सभेत टाळ्या पडल्या असत्या. ज्यांनी तो विचारला नाही त्यांच्यापासून माझ्या मूर्खांची वंशावळ सुरू होते.

त्यांच्या हातातले पुस्तक अजून जुने होते. विमानांसंबंधीचा कायदा १९३४ सालचा आणि त्याखालचे नियम २३ मार्च १९३७ चे. हे नियम निघाले आणि नवव्या दिवशी, १ एप्रिल १९३७ ला, ब्रह्मदेश हिंदुस्थानच्या राज्यकारभारातून वेगळा झाला. नव्या नियमांची शाई वाळायच्या आत राज्याचा एक मोठा तुकडा निघून गेला होता! जाताना ब्रह्मदेशाने काय केले? १९३४ चाच कायदा बरोबर नेला आणि पुढे कित्येक दशके वापरला. दहा वर्षांनी पाकिस्तान वेगळा झाला. त्यानेही तोच कायदा ठेवला आणि १९६० मध्ये स्वतःचा अध्यादेश काढेपर्यंत चालवला. फाळणीत रेल्वेचे डबे, ग्रंथालयातली पुस्तके, कचेऱ्यांतल्या खुर्च्या-टेबलेसुद्धा वाटून घेतली गेली. विमानाचे नियम तेवढे वाटले नाहीत. दोघांनीही ते अख्खे ठेवले.

याचा उपयोग काय होता ते चार महिन्यांतच दिसले. २७ डिसेंबर १९४७ रोजी कराचीहून मुंबईला निघालेले एअर इंडियाचे डकोटा उड्डाणानंतर लगेच कोरंगी खाडीत कोसळले आणि २३ जण मृत्युमुखी पडले. जे.आर.डी. टाटा १५ ऑक्टोबर १९३२ ला टपाल घेऊन कराचीहून जुहूला आले होते, तीच ही वाट. तेव्हा ती एका देशातली होती, आता दोन देशांतली झाली होती. त्या डिसेंबरात काश्मीरमध्ये लढाई चालू होती, सीमेच्या दोन्ही बाजूंना निर्वासितांचे तळ भरले होते, दोन्ही सरकारे एकमेकांवर भडकलेली होती. अशा वेळी विमान कोणाचे, प्रेते कोणाची, दोष कोणाचा, यावरून किती तरी विष कालवता आले असते. पण अपघातानंतर कळवायचे कोणाला, अवशेषांना हात कोणी लावायचा नाही, चौकशी कोणत्या क्रमाने करायची, हे सांगणारे पुस्तक दोन्ही राजधान्यांत एकच होते. भांडणाऱ्या दोन घरांत एवढी एक गोष्ट सामायिक उरली, हे मला त्या वर्षातले फार मोठे शहाणपण वाटते.

भारताने हा कायदा ३१ डिसेंबर २०२४ पर्यंत ठेवला. १ जानेवारी २०२५ पासून भारतीय वायुयान अधिनियम लागू झाला, आणि त्यानेही १९३७ चे नियम एका फटक्यात पुसले नाहीत. नवे होईपर्यंत जुने चालू, अशी सोय करून ठेवली. नव्वद वर्षे! इतकी वर्षे साहेबाचा कायदा कवटाळून बसलात, अशी टीका झाली. आपल्या विमानांवरची व्हीटी ही अक्षरे व्हाइसरॉयची खूण आहेत, ती पुसा, अशी मागणी संसदेतही झाली. वास्तविक ती अक्षरे आंतरराष्ट्रीय रेडिओ परिषदेच्या वाटपातून मिळालेली आहेत आणि ती पुसून कोणतेही विमान अधिक सुरक्षित होणार नाही. ज्या खात्याला आधीच माणसे पुरत नाहीत त्याने रंगाच्या डब्यांमागे धावावे, ही मागणी करणाऱ्यांना मी शहाणेच म्हणतो. त्यांची स्तुती दुसऱ्या कोणी करावी.

१९३४ च्या त्या कायद्याला सर्वांत जास्त हसले गेले ते त्यातल्या पतंगामुळे. विमान कशाला म्हणायचे हे सांगताना त्यात फुगे, हवाई जहाजे, ग्लायडर यांच्या जोडीला पतंगही घातला आहे. म्हणजे संक्रांतीला शिरूरच्या गच्चीवर पतंग उडवणारे पोर कायद्याच्या नजरेत विमान उडवत होते. वर्तमानपत्रांनी यावर दर जानेवारीत चौकटी छापल्या. मी मात्र कायदा लिहिणाऱ्या त्या अनाम माणसाला नमस्कार करतो. उतरणारे विमान साधारण तीन अंशांच्या उतारावर येते. धावपट्टीला टेकायच्या जागेपासून एक किलोमीटर अलीकडे त्याची उंची जेमतेम पन्नास मीटर असते. पन्नास मीटरवर कोणाही पोराचा पतंग सहज जातो, आणि आजच्या नायलॉन मांज्याने काय होते हे पुण्यातल्या दुचाकीस्वारांना ठाऊक आहे. १९३४ साली देशात विमाने थोडी आणि पतंग लाखो होते. तरी त्या माणसाने दोघांना एकाच वाक्यात बसवले. हे दोघे एकाच हवेत राहणार आहेत, एवढे त्याला कळले होते.

तशीच दुसरी ओळ १९३७ च्या नियमांतल्या नियम ९१ ची. विमानतळाच्या दहा किलोमीटरच्या परिसरात जनावरे कापायची-सोलायची नाहीत, घाण आणि कचरा टाकायचा नाही. विमानाच्या पुस्तकात खाटीकखाना आणि उकिरडा कशाला आला? घारी येतात म्हणून. घार इंजिनात शिरली की काय होते, हे लोहगावच्या वैमानिकांना विचारावे. पुरंदरचा विमानतळ झाला की ही ओळ त्या टापूतल्या गावागावांत येऊन धडकेल, आणि तेव्हा ग्रामसेवकाला सांगावे लागेल की आपला उकिरडा आता केंद्र सरकारचा विषय झाला आहे. लोक हसतील. हसू द्यावे.

असले मूर्ख दौंडकरांच्या पाहण्यातले आहेत. इंजिनाच्या केबिनमध्ये लोको पायलट आणि त्याचा असिस्टंट शेजारी बसतात. समोरचा सिग्नल दोघांनाही दिसतो. तरी एक जण तो मोठ्याने सांगतो आणि दुसरा तेच मोठ्याने परत सांगतो. हिरवा तर हिरवा, पिवळा तर पिवळा. रात्रभर, प्रत्येक सिग्नलला. बाहेरच्या माणसाला हा पोरखेळ वाटतो. दौंडच्या रेल्वे कॉलनीत वाढलेल्या माणसाला वाटत नाही, कारण एकाचा डोळा कधी लागतो हे त्याला स्वतःला कळत नसते, हे त्या कॉलनीला माहीत असते. विमानातल्या चेकलिस्टचे, दोन इंजिनिअरांच्या दोन सह्यांचे, नियंत्रकाने सांगितलेली उंची वैमानिकाने शब्दशः परत म्हणून दाखवण्याचे मूळ याच समजुतीत आहे.

ती उंची परत म्हणून दाखवली, पण पाळली नाही, तर काय होते? १२ नोव्हेंबर १९९६ च्या संध्याकाळी हरियाणातल्या चरखी दादरीवर काय झाले ते वाचकांना आठवत असेल. दिल्लीहून निघालेले सौदी बोईंग ७४७ वर चढत होते आणि कझाकस्तानचे इल्यूशिन दिल्लीला उतरत होते. इल्यूशिनला पंधरा हजार फुटांवर थांबायला सांगितले होते. ते त्याखाली, चौदा हजारांपर्यंत उतरले, आणि तिथे सौदी विमान होते. ३४९ माणसे गेली. चौकशी करणाऱ्या लाहोटी आयोगाने नेमके हेच मूळ कारण सांगितले, आणि कझाक चमूचे इंग्रजी अपुरे होते हेही नोंदवले.

माझा विषय या अपघातात सापडतो. कझाकस्तान त्याच्या पाच वर्षे आधी, डिसेंबर १९९१ मध्ये, सोव्हिएत संघातून बाहेर पडला होता. संघ मोडताना एरोफ्लोटची विमाने ज्या त्या प्रजासत्ताकाच्या वाट्याला आली. विमान वाटून घेणे सोपे होते. ते धावपट्टीवर उभेच होते. मॉस्कोच्या मंत्रालयात बसून जी माणसे त्या विमानांची, वैमानिकांची, शाळांची तपासणी करत होती, त्यांचे वाटप कसे करणार? बारा प्रजासत्ताकांनी मिळून एक आंतरराज्य विमान समिती उभी केली, तेवढे चांगले केले. पण प्रत्येक नव्या देशात रोज सकाळी उठून विमानाखाली वाकून पाहणारा माणूस समितीच्या करारातून निर्माण होत नाही. सोव्हिएत वैमानिक उंची मीटरमध्ये मोजायला शिकलेले. बाहेरच्या जगात फूट. त्यांच्या विमानात जमिनीशी बोलणारा रेडिओ ऑपरेटर वैमानिकांपासून वेगळा बसे, आणि उंची पाहायला त्याला त्यांच्या यंत्रांकडे डोकवावे लागे. आपल्या संघाच्या आकाशात ही पद्धत चालून जात होती. संघ गेला, आकाश मोठे झाले, आणि ती पद्धत बदलायला लावणारा कोणी उरला नाही. २००९ मध्ये युरोपीय संघाने एअर आस्तानाखेरीज कझाकस्तानच्या सगळ्या विमान कंपन्यांना आपली दारे बंद केली.

दिल्लीने या अपघातातून काय घेतले, तेही सांगायला हवे. येणाऱ्या आणि जाणाऱ्या विमानांच्या वाटा वेगळ्या केल्या, आणि दोन विमाने एकमेकांजवळ आली की ओरडून सांगणारे यंत्र भारतीय आकाशात सक्तीचे केले. नियमाच्या पुस्तकात एक ओळ वाढली, आणि त्या ओळीची किंमत ३४९ जिवांनी मोजली होती. पुस्तकातल्या इतर ओळीही बहुतेक अशाच आल्या आहेत.

म्हणून आंधळेपणाने हुकूम पाळणारा आणि माझा मूर्ख यांत कोणी गल्लत करू नये. पुण्यात एक गोष्ट सांगतात. मुंबईचे गव्हर्नर सर रॉबर्ट ग्रँट १८३८ मध्ये दापोडीच्या बंगल्यात वारले. त्या संध्याकाळी बंगल्याच्या दारातून एक मांजर बाहेर पडले आणि साहेब ज्या वाटेने फेऱ्या मारत त्याच वाटेने चालू लागले. पहारेकऱ्याने त्यात साहेबांचा आत्मा पाहिला. कोणते मांजर ते नक्की कळेना, म्हणून अंधार पडल्यावर त्या दारातून निघणाऱ्या प्रत्येक मांजराला सलामी द्यायचे ठरले. पहारा बदलताना हा हुकूम तोंडी पुढे दिला जाई, आणि म्हणे पंचवीस वर्षे शिपाई मांजरांना शस्त्रे सादर करत राहिले. मला त्या शिपायांचा राग येत नाही. रात्रीच्या पहाऱ्यावर उभ्या माणसाने हुकमाचा अर्थ आपल्या मनाने लावू नये, हेच बरे. चूक त्या साखळीची, जिने हुकूम दिला आणि कारण दिले नाही. विमानाच्या नियमाला कारण जोडलेले असते. अपघाताचा अहवाल छापतात, तो कोणालाही वाचता येतो, आणि एखादी ओळ खोडायची असेल तर ती कोणत्या मृत्यूंमुळे आली होती हे आधी पाहता येते. पाहून मग खोडावी. न पाहता खोडणारा सुधारक आणि न पाहता सलामी देणारा शिपाई यांत मला फरक दिसत नाही; फक्त शिपायाने कोणाचा जीव घेतला नाही.

आता आपल्या काळातल्या सर्वांत मोठ्या काडीमोडाकडे येतो. ब्रिटन ३१ जानेवारी २०२० ला युरोपीय संघातून बाहेर पडला आणि ३१ डिसेंबर २०२० च्या रात्री युरोपच्या विमान सुरक्षा संस्थेतूनही. ही संस्था जर्मनीत कोलोनला आहे. तिचे नियम घडवण्यात ब्रिटिश तंत्रज्ञांचा मोठा हात होता. पंतप्रधान थेरेसा मे यांनी मार्च २०१८ मध्ये जाहीर सांगितले होते की संघ सोडला तरी या संस्थेत सहयोगी म्हणून राहायची आमची तयारी आहे. विमान कंपन्या आणि कारखानदार तेच मागत होते. पण दोन वर्षांनी सरकार बदलले होते, आणि परक्या न्यायालयाच्या सावलीत राहायचे नाही या अभिमानापुढे ते मागणे टिकले नाही. बाहेर पडायचे ठरले.

तिथल्या मूर्खांनी मग काय केले? युरोपचे सगळे नियम, कलम आणि उपकलमासह, जसेच्या तसे ब्रिटिश कायद्यात उतरवून घेतले. ज्यांच्यापासून सुटका हवी म्हणून देशाने चार वर्षे स्वतःशी भांडण केले, त्यांचेच पुस्तक. २०१८ च्या कायद्याने ही तरतूद आधीच करून ठेवली होती. त्यावर लंडनच्या शहाण्यांनी एक विधेयक आणले: संघाकडून आलेले सगळे कायदे २०२३ संपताच, वेगळे वाचवले नाहीत तर, आपोआप रद्द व्हावेत. हजारो कायदे एका मध्यरात्री! सगळ्यांची नीट यादीही झालेली नव्हती. मे २०२३ मध्ये सरकारला ते सरसकट रद्द करण्याचे कलम मागे घ्यावे लागले. ज्या अधिकाऱ्यांनी कंटाळवाण्या टिपणांवर टिपणे लिहून ही मध्यरात्र टाळली, त्यांची नावे कोणाला ठाऊक नाहीत. मी त्यांना ओवाळतो.

तरी पुस्तक हातात राहिल्याने सगळे हातात राहत नाही, हे ब्रिटनला महाग पडून कळले. ब्रिटिश परवान्यावरचा इंजिनिअर युरोपात नोंदवलेल्या विमानावर सही करू शकेना. त्याचे ज्ञान कालचेच होते, विमान कालचेच होते, सहीला मोल उरले नाही. अनेकांनी मुदतीआधी आपले परवाने संघातल्या दुसऱ्या देशांत हलवून घेतले. रोल्स-रॉइसने मोठ्या इंजिनांच्या आरेखनाची मान्यता जर्मनीतल्या आपल्या शाखेकडे नेऊन ठेवली. ईझीजेटने त्याआधीच, २०१७ मध्ये, ऑस्ट्रियात वेगळी कंपनी काढली. आणि २५ जून २०२१ ला ब्रिटनच्या लहान विमानतळांनी एक फार मोलाची गोष्ट गमावली. युरोपच्या उपग्रहांकडून येणाऱ्या एका संदेशाने जीपीएसची चूक दुरुस्त होते, आणि जिथे धावपट्टीवर महागडी यंत्रणा नाही तिथेही धुक्यात वैमानिकाला नीट उतार मिळतो. त्या दिवसापासून ब्रिटनमध्ये विमान उतरवण्यासाठी तो संदेश वापरायला मनाई झाली. उपग्रह तिथेच होते, संदेश येतच होता. करार नव्हता. स्कॉटलंडच्या बेटांवर जाणाऱ्या छोट्या विमानांनी त्याची झळ सोसली. आपण गगन नावाची अशीच यंत्रणा इस्रो आणि विमानतळ प्राधिकरणाकडून स्वतः उभी करून घेतली आहे. किशनगडसारख्या लहान धावपट्टीवर ती वापरून विमान उतरवून दाखवले आहे. स्वाभिमान असा दाखवावा, असे मला वाटते.

भारत युरोपीय संघात कधीच नव्हता. तरी आपल्या नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने, म्हणजे डीजीसीएने, विमानदुरुस्तीच्या कारखान्यांसाठी केलेले सीएआर-१४५, इंजिनिअरांच्या परवान्यांसाठीचे सीएआर-६६, देखभालीसाठीचे सीएआर-एम हे नियम युरोपच्या नियमांवरच बेतलेले आहेत, क्रमांकासकट. बाहेर पडलेल्याने जपले ते ठीक, पण आत कधी न गेलेल्यानेही तेच घेतले. याला नक्कल म्हणणाऱ्यांनी म्हणावे. दुसऱ्याच्या अपघातातून शिकायची संधी सोडून आपला अपघात होण्याची वाट पाहणे, हा दुसरा मार्ग उरतो.

आपली अडचण निराळी आहे. आपण पुस्तक कधीच टाकले नाही. पुस्तक वाचणारी माणसे आपण नेमत नाही. ३१ जानेवारी २०१४ ला अमेरिकेच्या विमान प्रशासनाने भारताला विमान सुरक्षेच्या दुसऱ्या श्रेणीत ढकलले. भारतीय कंपन्यांना अमेरिकेत नवी उड्डाणे सुरू करता येईनात. नियम चुकीचे होते असे कोणी म्हटले नाही. ते पाळले जातात का हे पाहायला पुरेसे पूर्णवेळ तपासनीस नव्हते. या कारवाईच्या काही दिवस आधी सरकारने घाईघाईने ७५ तपासनिसांची भरती मंजूर केली होती, ती प्रत्यक्षात आल्यावर ८ एप्रिल २०१५ ला पहिली श्रेणी परत मिळाली. धडा शिकलो असे वाटले. २०२५ मध्ये संसदेच्या समितीने पुन्हा पाहिले, तेव्हा डीजीसीएतली मंजूर पदांपैकी जवळजवळ निम्मी रिकामी होती. शेकडो नवी विमाने मागवणारा देश, आणि त्यांच्याखाली वाकून पाहणारा माणूस निम्मा.

मग २०२५ च्या डिसेंबरात जे झाले त्याचे नवल कशाला करायचे? वैमानिकांच्या विश्रांतीचे नवे नियम १ नोव्हेंबर २०२५ पासून पूर्ण लागू झाले. आठवड्याची विश्रांती ३६ तासांवरून ४८ तास, आणि मध्यरात्रीनंतरच्या उतरण्यांची मर्यादा सहावरून दोनवर. थकलेला माणूस पहाटे तीन वाजता दोनशे जिवांना घेऊन उतरू नये, एवढाच त्यांचा अर्थ होता. कंपन्यांना तयारीला दीड वर्षाहून अधिक काळ मिळाला होता. इंडिगोकडे तरी पुरेसे वैमानिक नव्हते. डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात तिची उड्डाणे धडाधड रद्द झाली, ५ तारखेला एकाच दिवशी हजाराहून अधिक; पुण्यातही माणसे खोळंबली, लग्ने चुकली, परीक्षा चुकल्या. लोक संतापले, आणि त्याच दिवशी नियम सैल करून १० फेब्रुवारी २०२६ पर्यंत सवलत दिली गेली. प्रवाशांचा संताप मला समजतो. पण ज्याने तयारी केली नाही त्याच्यासाठी पुस्तक मिटले, आणि ज्यांनी वेळेत माणसे नेमली होती ते मूर्ख ठरले. त्या मूर्खांच्या बाजूने एकही मोर्चा निघाला नाही.

पुरंदरच्या सात गावांत सध्या बोलणे चालते ते मोबदल्याचे, आणि ते चाललेच पाहिजे. पिढ्यांची जमीन जाते आहे. पुढे धावपट्टीची लांबी, टर्मिनलची शोभा आणि विमानतळाचे नाव यांवर भाषणे होतील. शिरूर-दौंडच्या लोकप्रतिनिधींना माझी विनंती आहे, की पायाभरणीच्या आधी एक प्रश्न लेखी विचारून उत्तर लेखी घ्यावे: या विमानतळासाठी किती तपासनीस, किती हवाई वाहतूक नियंत्रक, किती अग्निशमन कर्मचारी मंजूर झाले, आणि त्यांपैकी किती जणांच्या हातात नेमणुकीचे पत्र पडले आहे.